फुकट प्रवेशाच्या जुन्या पोकर स्पर्धांची रंगत: 24 जण, पाच तास, प्रायोजकाची बक्षिसं, आखणी कशी करावी?

किलवर_दुर्री

2003 ते 2011 या काळात ज्यांनी ऑनलाइन पोकर खेळलं, त्यांना 'फ्रीरोल' (फुकट प्रवेशाची स्पर्धा) आणि 'सॅटेलाइट' (मोठ्या स्पर्धेतली जागा जिंकायची छोटी स्पर्धा) हे शब्द नुसते ऐकले तरी पहाटेचे तीन वाजल्यासारखं वाटतं. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. प्रवेश फी प्रायोजक साइट भरणार आणि बक्षीस म्हणजे लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज या पोकरच्या मोठ्या स्पर्धेतली 10,000 डॉलरची खुर्ची, म्हणजे प्रवेश. तिथवर पोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, पण शेवटच्या दोन टेबलांवरची ती धाकधूक अनेकांना आजही आठवत असेल.

तीच रंगत समोरासमोर बसून आणायची आहे. पुण्यात जुन्या गटाचं संमेलन ठरलंय. 24 खेळाडू, 3 टेबलं, दुपारी 4 ते रात्री 9. प्रवेश मोफत, पैशाचा व्यवहार शून्य. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानदाराने बक्षिसं द्यायचं कबूल केलंय. प्रश्न असे:

1. चिप्स किती आणि ब्लाइंड (पानं बघायच्या आधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमा) कशा वाढवाव्यात म्हणजे खेळ नऊच्या आत संपेल?
2. फुकटचा खेळ म्हटला की पहिल्याच डावात चार जण ऑल-इन होतात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतात. त्यावर काही उपाय?
3. दुकानदार विचारतोय, तीन सारख्या वस्तू देऊ की एक मोठी आणि दोन छोट्या?
4. पानं वाटायला व्यावसायिक डीलर नाहीत. कुठे घोळ होतो?
5. कायद्याचं काय?

इस्पिक_राणी

आकडेमोडीपासून सुरू करते, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रत्येकी 5,000 चिप्स द्या: 25 च्या 8, 100 च्या 8, 500 च्या 4, 1,000 च्या 2. म्हणजे माणशी 22 नग आणि 24 जणांच्या 528. बाजारात 300 आणि 500 चे संच मिळतात. 300 चे एकाच जातीचे दोन संच घ्या, 72 नग शिल्लक राहतील. लहान चिप्स गोळा करून मोठ्या द्यायला ते लागतातच. दोन वेगळ्या जातीचे संच कधीही मिसळू नका, रंगांत गोंधळ होतो आणि वजनातला फरक हाताला जाणवतो. चिपवर आकडा छापलेला नसेल तर कुठल्या रंगाची किंमत किती याचा कागद तिन्ही टेबलांवर चिकटवा.

ब्लाइंड (छोटी/मोठी), दर 20 मिनिटांनी:

25/50, 50/100, 75/150, 100/200, 150/300
(10 मिनिटं चहा, 25 च्या चिप्स बाद)
200/400, 300/600, 400/800, 600/1,200
(15 मिनिटं खाणं)
800/1,600, 1,000/2,000
(100 च्या चिप्स बाद, इथे सुट्टी नाही)
1,500/3,000, 2,000/4,000

या 13 पायऱ्यांचे 260 मिनिटं आणि सुट्ट्यांचे 25, म्हणजे पावणेपाच तास. चारच्या ठोक्याला सुरू केलंत तर पावणेनऊ.

याच वेळी संपेल हे कशावरून? पटावर एकूण 1,20,000 चिप्स आहेत. मोठी ब्लाइंड एकूण चिप्सच्या विसाव्या ते तिसाव्या हिश्शाला पोचली की स्पर्धा फार वेळ तगत नाही. 4,000 ही तिसाव्या हिश्शाची पायरी आहे. तरी लांबलंच तर पुढची 3,000/6,000 तयार ठेवा.

एक चूक सर्रास होते. 25 च्या चिप्स 100/200 नंतरच काढून घेतात आणि मग 150 ची छोटी ब्लाइंड कशी भरायची म्हणून टेबलावर सुटे पैसे शोधणं सुरू होतं. 150/300 ही पायरी असेल तर 25 च्या चिप्स तोवर राहू द्या. 100 च्या बाबतीतही तेच: 600/1,200 आणि 800/1,600 ला त्या लागतात.

चिप्स बाद करताना मोठ्या स्पर्धांत उरलेल्या सुट्या चिपमागे एकेक पान वाटतात आणि वरचढ पान येईल त्याला मोठी चिप देतात. घरगुती खेळात एवढं कशाला? कुणाकडे 25, 50 किंवा 75 उरले तर सरळ 100 ची एक चिप द्या. सगळ्यांना सारखाच नियम, काम दोन मिनिटांचं.

किलवर_दुर्री

धन्यवाद, हा तक्ता तसाच छापतो. 20 मिनिटं कमी नाही पडणार? वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटमध्ये (मुख्य स्पर्धेत) दोन-दोन तासांच्या पायऱ्या असतात.

इस्पिक_राणी

तिथे दिवसामागून दिवस खेळतात, तुमच्याकडे एक संध्याकाळ आहे. नवशिक्या हातांनी वाटलं तर तासाला 20 ते 25 डाव होतात. म्हणजे 20 मिनिटांत सात-आठ, आणि आठ जणांच्या टेबलावर बटण (वाटणाऱ्याच्या जागेची खूण) जेमतेम एकदा फिरतं. त्याहून कमी वेळ दिलात तर काहींवर ब्लाइंड येणारच नाही आणि काहींवर दोनदा. वेळ वाढवण्यापेक्षा डाव वाढवा: प्रत्येक टेबलाला वेगळ्या पाठीचे दोन कॅट द्या. एकातून वाटप चालू असताना दुसरा पलीकडचा माणूस पिसून ठेवतो. पत्ते पूर्ण प्लास्टिकचे घ्या. कागदी पत्त्यांचे कोपरे तासाभरात वाकतात आणि मग बदामचा एक्का पाठीवरूनही ओळखू येतो.

नदीवरचा_पत्ता

प्रश्न 2 आणि 3 खरं तर एकच आहेत. बक्षिसांचा आकार ठरवलात की खेळ कसा होणार तेही ठरतं. जुन्या प्रायोजित स्पर्धांची मजा आठवते तेव्हा लोक दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ करतात.

सॅटेलाइटमध्ये सगळी बक्षिसं सारखी असतात. तीन खुर्च्या असतील तर पहिल्याला आणि तिसऱ्याला तेच मिळतं. तिथे चिप्स जिंकण्यापेक्षा टिकून राहणं महत्त्वाचं. उदाहरण घ्या. चौघे उरलेत, बक्षिसं तीन, ब्लाइंड 2,000/4,000. तुमच्याकडे 50,000, दुसऱ्याकडे 48,000, तिसऱ्याकडे 16,000, चौथ्याकडे 6,000. 48,000 वाला ऑल-इन गेला आणि तुमच्या हातात दोन एक्के. काय कराल? पानं टाकून द्या! एक्क्यांची जोडी साधारण 80 ते 85 टक्के वेळा जिंकते. पण उरलेल्या पंधरा-वीस टक्क्यांत तुमच्याकडे 2,000 उरतात आणि जवळजवळ खिशात आलेली वस्तू जाते. पानं टाकली तर 6,000 वाल्यावर एक-दोन डावांत ब्लाइंड येतेच आहे. त्या रात्री एक्के टाकून देणारे भित्रे नव्हते, त्यांना हिशेब कळत होता.

तीच पानं, त्याच चिप्स, पण बक्षिसं उतरत्या किमतीची असतील तर डोळे मिटून कॉल करायचा, म्हणजे समोरच्याएवढ्या चिप्स भरायच्या.

2003 चा मेन इव्हेंट या दुसऱ्या प्रकारचा. ख्रिस मनीमेकर, टेनेसीतला 27 वर्षांचा अकाउंटंट, 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून 10,000 डॉलरच्या खुर्चीपर्यंत पोचला. बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत 839 खेळाडू होते. शेवटी समोर सॅम फारहा. पहिलं बक्षीस 25 लाख डॉलर, दुसरं 13 लाख. टेबलावरची दोघांची सामाईक पानं: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, मग इस्पिकची अठ्ठी, शेवटी बदामची तिर्री. फारहाकडे राणी आणि नव्वी, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या पानाची जोडी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती: रंग लागला नाही, सिक्वेन्स लागला नाही, हातात काहीच नाही. तो शेवटच्या पानावर ऑल-इन गेला आणि फारहाने पानं टाकली. 'फुकटात आला होता म्हणून धाडस' असं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. 13 लाख दोघांचेही पक्के होते, भांडण वरच्या 12 लाखांचं होतं. असं धाडस उतरत्या बक्षिसांतच परवडतं. सॅटेलाइटच्या शेवटी हाच डाव खेळणं वेडेपणा ठरला असता.

तेव्हा दुकानदाराला सांगा: शेवटची धाकधूक हवी असेल तर तीन सारख्या वस्तू, बघणाऱ्यांना मजा हवी असेल तर उतरत्या. संमेलनाला मी उतरत्याच घेईन. सारख्या बक्षिसांत शेवटचा अर्धा तास सगळे पानं टाकत बसतात आणि वेळ काढतात. सारखीच ठेवलीत तर चार-पाच जण उरल्यावर हे जास्तच जाणवेल. दोन टेबलं शिल्लक असताना बक्षीस तोंडावर आलं, तर डाव दोन्हीकडे एकदमच सुरू करायचे आणि दोन्ही संपल्यावरच पुढचे वाटायचे. नाहीतर एक टेबल मुद्दाम रेंगाळतं.

आता पहिल्या डावातले ऑल-इन. फुकट खेळात हरण्यासारखं काही नसतं, म्हणून लोक उडी मारतात. रागावून उपयोग नाही. 5,000 एकदम देऊ नका. सुरुवातीला 2,500 द्या: 25 च्या 8, 100 च्या 8, 500 च्या 3. उरलेल्या 2,500 चं कूपन द्या: 500 ची 1 आणि 1,000 च्या 2. चहाच्या सुट्टीपर्यंत कूपन कधीही वटवता येईल, सुट्टीनंतर सक्तीने वटेल. पहिल्या डावात उडी मारणारा उडतो, कूपन घेऊन परत बसतो आणि आता सांभाळून खेळतो. पटावरच्या एकूण चिप्स तेवढ्याच, त्यामुळे वरच्या तक्त्याला धक्का नाही. वर्ल्ड सिरीजमध्येही चिप्स अशा हप्त्यांत देण्याच्या स्पर्धा होऊन गेल्यात.

शिवाय प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला. बाद करणाऱ्याने तो काढून घ्यायचा, सर्वांत जास्त बिल्ल्यांना वेगळं छोटं बक्षीस. दुकानदारालाच खेळायला बसवा आणि त्याचा बिल्ला दुप्पट मोजा. जुन्या स्पर्धांत प्रायोजकाच्या खेळाडूला बाद केलं की काहीतरी मिळायचं, तीच गंमत. बिल्ल्यावर त्याच्या दुकानाचं नाव असलं की फ्लेक्सचा खर्चही वाचतो.

मेंढीकोट

वाटपाचे घोळ, जसे होतात त्या क्रमाने.

पिसणं. आपल्याकडे हातात धरून वरखाली करतात, त्याने पानं नीट मिसळत नाहीत. टेबलावर उलटी पसरून ढवळा, मग दोनदा रिफल (दोन गठ्ठे एकमेकांत गुंफणं), एकदा थोडी थोडी उचलून खालीवर, पुन्हा एकदा रिफल, मग कापा. तळाला एक कोरं प्लास्टिकचं पान ठेवा, नाहीतर वाटताना तळाचं पान दिसतं.

जाळायचं पान. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं), टर्न (चौथं) आणि रिव्हर (पाचवं) या तिन्हींच्या आधी एकेक पान उलटं बाजूला. तीन पत्तीची सवय असलेला माणूस हे हमखास विसरतो.

फ्लॉपला चुकून चार पानं उघडली तर डाव रद्द करायचा नाही. चारही उलटी करून मिसळा, आयोजकाने त्यातलं एक न बघता काढायचं. ते पुढचं जाळायचं पान, उरलेली तीन म्हणजे फ्लॉप.

बोली. 'तुझे 200, आणि वर माझे 500' हे चालत नाही. आधी कॉल म्हणायचं, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग वाढवायचं, यातला फायदा उघड आहे. पहिला शब्द किंवा पहिली हालचाल धरायची. आणि तोंडाने काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल. 100 च्या बोलीवर 1,000 ची एक चिप टाकून नंतर 'मी वाढवलं होतं' असं कुणीतरी म्हणणारच. खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने सांगून ठेवा.

बाजूचा पॉट (पॉट म्हणजे डावात लावलेल्या चिप्सचा ढीग). सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो. अ कडे 600, ब कडे 1,500, क कडे 2,200, तिघे ऑल-इन. सगळ्यांत लहानापासून सुरू करा. तिघांचे 600-600, म्हणजे मुख्य पॉट 1,800. ब आणि क यांचे आणखी 900-900, म्हणजे बाजूचा पॉट 1,800, त्यावर अ चा हक्क नाही. क चे वरचे 700 त्याला लगेच परत. आधी बाजूच्या पॉटचा निकाल, मग मुख्य. दोन्ही ढीग हातभर अंतरावर ठेवा आणि पानं उघडायच्या आधीच आकडे मोठ्याने बोला. नंतर कुणाला काही आठवत नाही.

दोघेच उरले की बटणवाल्यानेच छोटी ब्लाइंड भरायची. तो फ्लॉपआधी पहिला बोलतो, फ्लॉपनंतर शेवटचा. हे उलटं धरलं की अख्खा शेवट चुकीचा खेळला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

टेबलं जुळवणं: 18 उरले की एक टेबल मोडा, 9-9 बसवा. कुठलं मोडणार ते सुरुवातीलाच जाहीर करा, बसायच्या जागा चिठ्ठीने. त्याआधी एका टेबलावर दोनने जास्त माणसं झाली तर ज्याच्यावर पुढच्या डावात मोठी ब्लाइंड येणार आहे त्याला हलवायचं.

बाद झालेल्यांना रिकामं बसवू नका. एकाने घड्याळ घ्यावं, दोघांनी उरलेल्या टेबलांवर पानं वाटावीत, बाकीच्यांना बदाम सात. वाटणारा स्वतः खेळत नसला की निम्म्या चुका आपोआप जातात.

बदाम_सत्ती

प्रश्न 5. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे. रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटलं. पोकरबद्दल मात्र एकमत नाही, गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो जुगारच ठरवला. त्यामुळे 'पोकर कौशल्याचा खेळ आहे' या भरवशावर काही करू नका. कुणाचंही काही पणाला लागलेलं नाही, हाच तुमचा आधार ठेवा. प्रवेश फी नाही, पुन्हा चिप्स विकत घेणं नाही, आपसात बाजूची पैज नाही. चहा-नाश्त्याची वर्गणी काढायची असेल तर खेळणाऱ्या आणि नुसतं बघायला आलेल्या सगळ्यांकडून सारखी काढा आणि तिचा बक्षिसाशी काडीचाही संबंध ठेवू नका. हॉल भाड्याचा असेल तर मालकाला आधी लेखी कळवा आणि एकदा वकिलाला दाखवून घ्या.

प्रायोजक दुकानदारच आहे हे बरं. पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं, दोन्हींवर केंद्राच्या नव्या कायद्याने बंदी घातली आहे. 22 ऑगस्ट 2025 ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा आहे ही सबब तिथे चालत नाही. त्यामुळे तसल्या साइटचा फलक लावायचा प्रश्नच नाही.

कराकडे लोक दुर्लक्ष करतात. पत्त्यांच्या खेळातल्या एका बक्षिसाची किंमत 10,000 रुपयांच्या वर गेली की 30 टक्के करकपात लागते. वस्तूतून कर कापता येत नाही, म्हणून वस्तू हातात द्यायच्या आधी कर भरला गेलाय याची खात्री देणाऱ्याने करायची असते. 30,000 चा टीव्ही दिलात तर 9,000 कोण भरणार हे आधीच ठरवा. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक वस्तू 10,000 च्या आत ठेवा: 9,000, 5,000, 2,500 अशी.

पैशाचीच स्पर्धा खेळायची असेल तर गोवा. तिथल्या 1976 च्या जुगार कायद्यात 1996 मध्ये बदल झाला आणि जहाजांवर जुगाराच्या टेबलांना परवानगी मिळाली. 2017 मध्ये वर्ल्ड पोकर टूरचा भारतातला पहिला मुक्काम मांडवीतल्या डेल्टिन रॉयाल या कॅसिनो जहाजावर झाला. वय 21 पूर्ण हवं. पण संमेलनाची मजा तिथे येणार नाही, हे माझं मत.

हुकूम_कोणता

एक सुधारणा. त्या काळाचं फार सोनं करू नका. एक खुर्ची म्हणजे 10,000 डॉलर आणि वर विमान, हॉटेल. ही रक्कम हरणाऱ्या बाकीच्यांकडूनच गोळा व्हायची. खरे फुकट फ्रीरोल प्रचंड गर्दीचे, आणि त्यातून अनेकदा पुढच्या फेरीचं तिकीट तेवढं मिळायचं. मेन इव्हेंटची संख्या 2003 च्या 839 वरून 2006 मध्ये 8,773 झाली ती या सॅटेलाइट्समुळेच. ऑक्टोबर 2006 मध्ये अमेरिकेत ऑनलाइन जुगाराच्या साइट्सकडे पैसे वळवण्यावर निर्बंध आले, साइट्सना परस्पर नावं नोंदवता येईनात आणि 2007 ला आकडा 6,358 वर आला. 2006 चा विक्रम मोडायला 2023 उजाडावं लागलं: 10,043.

प्रायोजकाने खरोखर खिशात हात घातला तो 2019 मध्ये बहामात. 25,000 डॉलर प्रवेशाची स्पर्धा, त्यात तीनशेहून जास्त जणांना पोकरस्टार्स या साइटने फुकट पास दिले होते. जिंकला रामोन कोलियास, स्पेनचा व्यायाम प्रशिक्षक, तोही अशाच पासवर आलेला. बक्षीस 51 लाख डॉलर.

किलवर_दुर्री

सगळ्यांना दंडवत. उतरती बक्षिसं, 9,000 च्या आत, कूपन पद्धत, बिल्ले, हे नक्की. शेवटची शंका: कुणी उशिरा आला तर?

इस्पिक_राणी

त्याच्या चिप्स पहिल्यापासून त्याच्या जागेवर ठेवा, पानं त्यालाही वाटा आणि ब्लाइंड कापत राहा. पहिल्या तीन पायऱ्यांत, म्हणजे तासाभरात आला तर त्याचं काही फार जात नाही. छोटी-मोठी मिळून फेरीला 75, मग 150, मग 225: एकूण साधारण 450. चहापर्यंत आलाच नाही तर उरलेल्या चिप्स आणि कूपन दोन्ही उचला आणि जेवढं उचललं तेवढं एकूण आकड्यातून वजा करा, कापलेल्या ब्लाइंड खेळातच राहतात. नाहीतर शेवटी चिप्स मोजताना हिशेब जुळणार नाही आणि कुणीतरी कुणावर तरी संशय घेईल.

आणि घड्याळ फोनवर नको, फोन आला की बंद पडतं. जुना लॅपटॉप भिंतीकडे लावा, सगळ्यांना दिसेल असा.